केमोच्या कपाटाची कुळकथा

कर्करोग रुग्णालयाच्या औषधविभागात एक पोलादी कपाट असते. समोरची काच अर्ध्यावर ओढलेली, खालच्या फटीतून आत घातलेले दोन हात, त्या हातांवर मोज्यांच्या दोन जोड्या. कपाटात गाळलेली हवा वरून खाली संथपणे उतरत असते. केमोची औषधे इथे विरघळवून सलाईनच्या पिशव्यांत भरतात. औषधांचा जन्म 1942 चा; हे कपाट त्यांच्या वाट्याला आले ते सुमारे चाळीस वर्षांनी. मधल्या काळात ती औषधे कोणी, कुठे आणि कशी कालवली, हे पाहिल्याशिवाय या कपाटाचे मोल कळत नाही.

केमोचे मूळ युद्धात आहे. जर्मन सैन्याने 1917 मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे मस्टर्ड वायू वापरला. त्या विषाने अंगावर फोड तर येतच, शिवाय रक्तातील पांढऱ्या पेशीही घटत. दुसऱ्या महायुद्धात येल विद्यापीठातील लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन त्याच कुळातल्या नायट्रोजन मस्टर्डवर संशोधन करत होते. पांढऱ्या पेशी मारणारे रसायन लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर चालेल का, हा त्यांचा प्रश्न. 1942 मध्ये ते पहिल्या रुग्णाला दिले गेले, गाठी वितळल्या आणि नंतर परतल्याही. युद्धकाळातल्या गुप्ततेमुळे हे काम 1946 मध्ये छापून आले. केमोचा जन्म इटलीतल्या बारी बंदरात झाला असे पुष्कळदा सांगतात. तिथे 2 डिसेंबर 1943 च्या बॉम्बहल्ल्यात ‘जॉन हार्वे’ या जहाजावरचा मस्टर्डचा गुप्त साठा फुटला. पाण्यातून काढलेले खलाशी त्या तेलकट कपड्यांतच तासन्‌तास राहिले, कारण कपड्यांवर काय आहे हे डॉक्टरांना ठाऊकच नव्हते. बारीने बरेच शिकवले, पण येलचा रुग्ण त्याआधीचा.

म्हणजे हे विष आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत होते. विभाजन पावणाऱ्या पेशीच्या डीएनएवर घाव घालायचा, हाच या कुळाचा धर्म. ती पेशी गाठीतली की नर्सच्या शरीरातली, हे त्याला कळत नाही. तरीही पुढची तीन दशके वॉर्डातल्या साध्या टेबलावर, उघड्या हातांनी सिस्टर व्हायलमध्ये सुई खुपसत राहिल्या. बंद व्हायलमध्ये द्रव ढकलला की आतला दाब वाढतो. सुई काढताना त्याच छिद्रातून डोळ्याला न दिसणारा फवारा उडतो. थेंब टेबलावर पडतो, सुकतो, पुढच्या हाताला लागतो. रोग्याला निदान औषधाचा लाभ होता. सिस्टरना फक्त त्याचे अंश मिळत होते.

इथे आणखी एक वंश येऊन मिळतो, स्वच्छ हवेचा. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेतील भौतिकशास्त्रज्ञ विलिस व्हिटफिल्ड यांना अण्वस्त्रांच्या बारीक सुट्या भागांवर धूळ बसू द्यायची नव्हती. 1960 च्या सुमारास त्यांनी सूक्ष्म गाळणीतून आलेली हवा एकाच दिशेने, एकाच संथ गतीने वाहवण्याची युक्ती काढली. हवा धूळ उचलून सरळ बाहेर नेते, भोवरे होत नाहीत. ही युक्ती रुग्णालयांच्या औषधविभागातही पोचली, कारण शिरेतून द्यायच्या औषधात जंतू जाता कामा नये. तिथल्या कपाटात गाळणी मागच्या भिंतीला असे आणि हवा मागून पुढे वाहत असे. इंजेक्शने बनवण्यासाठी ते उत्तम. पण त्याच कपाटात केमो कालवायला सुरुवात झाली, आणि औषधावरून वाहत आलेली हवा थेट बनवणाऱ्याच्या तोंडावर येऊ लागली.

कोणाचा हलगर्जीपणा म्हणून हे झाले नाही, आणि मला तेच जास्त अस्वस्थ करते. सगळे नियम पाळून, स्वच्छतेच्या नावाने हे चालले होते. पिशवीतले औषध कसे जपावे याचा विचार झाला होता. कालवणाऱ्या माणसाचा विचार त्यात नव्हता.

तो करायला लावला मूत्राच्या नमुन्यांनी. कॅलिफोर्नियातील ब्रूस एम्स यांनी सत्तरच्या दशकात एक सोपी चाचणी रूढ केली होती. हिस्टिडिन स्वतः बनवू न शकणारे साल्मोनेला जंतू घ्यायचे आणि त्यांच्यात शंकास्पद पदार्थ घालायचा. त्या पदार्थाने जनुके बदलत असतील तर काही जंतू हिस्टिडिन बनवू लागतात आणि बशीत त्यांच्या वसाहती उगवतात. 1979 मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी केमो हाताळणाऱ्या नर्सेसचे मूत्र या चाचणीला लावले. ही औषधे न हाताळणाऱ्यांच्या मूत्रापेक्षा त्यात जनुके बदलण्याची ताकद जास्त निघाली. ‘लॅन्सेट’मधल्या त्या छोट्या टिपणाने जगभरच्या औषधविभागांची झोप उडवली.

1982 मध्ये ह्यूस्टनच्या संशोधकांनी पुढचा धागा जोडला. मागून पुढे हवा सोडणाऱ्या कपाटात काम करणाऱ्यांच्या मूत्रात तोच परिणाम दिसला. काम वरून खाली हवा नेणाऱ्या, ती पुन्हा गाळणाऱ्या कपाटात हलवल्यावर तो दिसेनासा झाला. हे कपाट आधी जंतूंवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांसाठी बनले होते. त्याच्या पुढच्या कडेला हवा आत ओढली जाते, त्यामुळे माणूस आणि औषध यांच्यामध्ये हवेचाच पडदा राहतो. 1985 मध्ये फिनलंडमधील नर्सेसच्याच अभ्यासात या औषधांचा संपर्क आणि गर्भपात यांचा संबंध आढळला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने मार्गदर्शक सूचना काढल्या.

पण कपाटाने सगळे सुटले नाही. नव्वदच्या दशकात टेबले, फरशा पुसून त्या फडक्यांची तपासणी झाली, तेव्हा कपाटाबाहेरही औषध सापडले. कारखान्यातून आलेल्या बंद व्हायलवरही बाहेरून औषध लागलेले निघाले. शिवाय सायक्लोफॉस्फमाइडसारख्या औषधाची थोडी वाफ होते आणि कणांसाठी बनवलेली गाळणी वाफ अडवत नाही. म्हणून कपाटातली हवा खोलीत न सोडता इमारतीबाहेर नेऊ लागले. हातांचीही शिस्त बसली: जितका द्रव काढायचा त्याहून थोडी कमी हवा आत सोडायची, म्हणजे व्हायलमधला दाब वाढत नाही. स्वीडनमधून याच दशकात फवारा व वाफ आतच कोंडणारी बंद जोडणी आली. चमकणारे रंगद्रव्य भरून सराव करायचा आणि मग अतिनील दिव्याखाली आपल्याच मोज्यांवरचे डाग पाहायचे, ही शिकवण्याची पद्धत मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते. 2004 मध्ये अमेरिकेच्या व्यवसायजन्य आरोग्यसंस्थेने सर्व आरोग्यकर्मींसाठी इशारा प्रसिद्ध केला, त्यात कपडे धुणारे आणि सफाई करणारेही होते.

आपल्याकडे मोठ्या कर्करोग रुग्णालयांत असे कपाट आणि प्रशिक्षित माणसे असतात. पण केमो आता लहान शहरांतल्या नर्सिंग होमपर्यंत पोचली आहे. तिथे वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर, एकाच मोज्याने व्हायल उघडली जात असेल, तर आपण 1979 च्या आधीच्या काळात उभे आहोत. रुग्णालय चालवणाऱ्यांनी यंत्राच्या किमतीआधी त्या टेबलापाशी उभ्या असलेल्या सिस्टरचा, विशेषतः ती गरोदर असेल तर तिचा, विचार करावा. आणि घरात केमोचा रुग्ण असलेल्यांनी एवढे जरूर पाळावे: केमोच्या गोळ्या तोडू वा कुटू नयेत, त्या उघड्या हातांनी घेऊ नयेत, औषध दिल्यानंतर निदान दोन दिवस रुग्णाचे मूत्र, उलटी आणि मळलेले कपडे मोजे घालूनच हाताळावेत, आणि मोजे काढल्यावरही साबणाने हात धुवावेत.