कोकणच्या समुद्रातील ‘मंगोलिया’

ज्यूल व्हर्नचा फिलिअस फॉग सुएझहून मुंबईस येतो तो पी. अँड ओ. कंपनीच्या ‘मंगोलिया’ बोटीतून. साहित्याच्या विद्यार्थ्यांना ही बोट ठाऊक असते. त्याच कंपनीने १९०३ साली त्याच नावाची दुसरी बोट बांधून घेतली. ती २३ जून १९१७ रोजी मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ५० मैलांवर सुरुंगावर आदळून बुडाली व २३ माणसे दगावली, हे मात्र आमच्या पनवेल-अलिबागकडेही सहसा कोणाला माहीत नसते.

सुरुंग पेरले होते ‘वुल्फ’ या जर्मन नौकेने. व्यापारी जहाजाचे सोंग घेतलेली ही नौका नोव्हेंबर १९१६ मध्ये कील बंदरातून निघाली आणि कोणत्याही बंदरात न शिरता फेब्रुवारी १९१८ मध्ये परतली. मुंबईबाहेरची पेरणी फेब्रुवारी १९१७ मधली. नांगरलेला सुरुंग पृष्ठभागाखाली तरंगत राहतो, त्याला घाई नसते. ‘मंगोलिया’ बुडाली त्या आठवड्यात ‘वुल्फ’ न्यूझीलंडच्या बाजूस होती. मारणारा आणि मरणारा यांच्यात चार महिने आणि अर्धे जग, असे हे युद्ध.

‘रामदास’ बोट आपण विसरलो नाही. १७ जुलै १९४७ ची गटारी अमावास्या, रेवसकडे निघालेली बोट, काशाच्या खडकाजवळचा अपघात आणि सहाशेहून अधिक मृत्यू, हे सारे घराघरांत सांगितले गेले. कारण ती माणसे आपली होती. ‘मंगोलिया’ गोऱ्यांची, असा हिशेब कोणी करील, तर तो चुकीचा आहे. पी. अँड ओ.च्या बोटींवर डेकवर गुजरात-रत्नागिरीकडचे खलाशी, भट्टीपुढे पंजाबी-पठाण आणि सलूनमध्ये गोवेकर, अशी कामाची विभागणीच असे. आपल्या इतिहासलेखनाने हा वर्ग मोकळ्या मनाने कधी आपला मानला नाही, असे मला वाटते.

बुडालेल्या जहाजाकडे संशोधक म्हणून पाहण्याची विद्या आपल्याकडे आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी सुंची खडकाजवळून सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाच्या तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात वर आणले. मुरगावजवळच्या एमी शोल्समध्ये त्यांना आगबोटीचे बॉयलर व भट्टीच्या विटा सापडल्या. अशा विटेवर कारखानदाराचे नाव ठसठशीत असते. तिच्यापुढे उभे राहून कोळसा सारणाऱ्याचे नसते. ते पाण्याखाली मिळणारही नाही, त्यासाठी कंपन्यांची हजेरीपुस्तके चाळावी लागतील.

पनवेलहून हार्बर लोकलने मशीद स्थानकावर उतरले की इंडियन सेलर्स होम जवळच आहे. पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचे स्मारक तिथे आहे.