कानस, भट्टी आणि अभ्यासक्रम

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारा, "वर्कशॉपमध्ये काय केलंस?" लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये पकडून कानशीने चौरस करत बसलो होतो, असे उत्तर बहुधा मिळेल. हाताला फोड आले, गुण मिळाले, जॉब कपाटात गेला. हा तुकडा अभ्यासक्रमात आला कुठून? प्रयोगशाळेचा अभ्यासक्रम 'अद्ययावत' करायला समिती बसते तेव्हा ही हकिगत कोणाला तरी आठवावी, असे मला फार वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यंत्रकाम शिकणे म्हणजे उमेदवारी. उस्तादाच्या हाताखाली राहायचे, पडेल ते काम करायचे आणि बघत बघत शिकायचे. तांत्रिक शाळांनीही सुरुवातीला हाच मार्ग धरला. मॉस्कोच्या इम्पीरियल टेक्निकल स्कूलला जोडून कारखाना होता आणि तिथे बाहेरच्या मागण्या पुरवल्या जात. पण गिऱ्हाइकाला माल वेळेवर हवा असतो आणि विद्यार्थ्याला चुका करायला वेळ हवा असतो. दोन्ही एका छपराखाली कसे जमणार?

शाळेचे संचालक व्हिक्टर देल्ला-वोस यांनी १८६८ साली यावर तोडगा काढला. शिकण्याची कार्यशाळा त्यांनी उत्पादनाच्या कार्यशाळेपासून वेगळी केली. सुतारकाम, कातकाम, लोहारकाम, फिटिंग अशा प्रत्येक कामाला स्वतंत्र दालन दिले. प्रत्येक कामातल्या मूळ क्रिया सुट्या केल्या आणि सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमाने लावल्या. विद्यार्थ्याने आधी वस्तूचे रेखाचित्र काढायचे, मग वस्तू करायची. पहिली नीट जमल्याशिवाय दुसरी हाती द्यायची नाही. आपल्याकडे गवई चिजेआधी पलटे घोटून घेतो, तसाच हा प्रकार! पण पलटे झाल्यावर तिथे चीजही होती. तयार झालेला विद्यार्थी पुढे उत्पादनाच्या कार्यशाळेत जाई.

१८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात या शाळेने आपले नमुने मांडले. एमआयटीचे अध्यक्ष जॉन रंकल यांनी ते पाहिले आणि त्याच वर्षी आपल्या संस्थेत ही पद्धत आणण्याचे ठरवले. त्यांनी घेतले ते मात्र पलटे. उत्पादनाची कार्यशाळा शिक्षणाला आवश्यक नाही, असे त्यांचे मत होते. कपाटातल्या त्या चौरस तुकड्याचे मूळ मला इथे दिसते.

याच सुमारास करण्याला मोजण्याची जोड मिळत होती. अमेरिकेत स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट थर्स्टन यांनी यंत्रशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली, तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अलेक्झांडर केनेडी यांनी १८७८ मध्ये. थर्स्टन यांच्या यंत्रात धातूची कांडी पिळताना पेन्सिल आपोआप आलेख काढत असे. संगणक आलेख काढतो म्हणून प्रयोगशाळा आधुनिक झाली म्हणणाऱ्यांनी हे यंत्र १८७० च्या दशकातले आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

मोठा उलटफेर झाला तो १९५५ साली. दुसऱ्या महायुद्धात रडार आणि अणुबॉम्बच्या कामात भौतिकीचे लोक पुढे होते. अभियंत्यांचे विज्ञान कच्चे आहे, अशी भावना अमेरिकेत पसरली. लिंटन ग्रिंटर यांच्या समितीने हस्तकौशल्यावर भर देणारे विषय वगळावेत आणि मूलभूत विज्ञान वाढवावे अशी शिफारस केली. ती सर्वस्वी चुकीची होती असे मी म्हणणार नाही. पण पुढे १९७० च्या दशकात त्याच एमआयटीत वुडी फ्लॉवर्स विद्यार्थ्यांना किरकोळ सामानाची पेटी देऊन त्यातून यंत्र बनवायला लावत आणि त्या यंत्रांची आपसांत झुंज लावत. चीज परत आली, ती अशी!

आपल्याकडे दोन्ही वारसे पोचले. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची सुरुवात १८५४ साली झाली, ती सार्वजनिक बांधकामासाठी दुय्यम अधिकारी घडवायला, आणि मूळ नावात 'मेकॅनिकल स्कूल' हे शब्द होते. पवईची आयआयटी १९५८ साली सोव्हिएत मदतीने सुरू झाली. कानपूरला अमेरिकन विद्यापीठांचे साह्य मिळाले.

मी स्वतः अभियंता नाही. आमच्या कॉलेजात यंगचा गुणांक काढताना उत्तर आधीच ठाऊक असे. निरीक्षणे वरच्या वर्गातल्या मुलाच्या जर्नलमधून उतरवली जात. मीही उतरवली. पुढे संशोधनात निर्वात पंपाची गळती शोधायची वेळ आली आणि आठ दिवस मला सुरुवात कुठून करावी हेच कळेना. गळती शेवटी कार्यशाळेतल्या टर्नरने शोधली, तीही केवळ एका जोडावरून बोट फिरवून.

२००२ साली अमेरिकेत सॅन डिएगोला अभियांत्रिकी शिक्षक जमले. प्रयोगशाळेतून काय साधायचे याची तेरा उद्दिष्टे त्यांनी लिहून काढली. त्यांतले एक 'अपयशातून शिकणे' हे आहे. आपल्या जर्नलमध्ये त्याला रकाना नाही.

तो कसा काढता येईल? एक पोलादी पट्टी घ्या, २५ मिमी रुंद, १ मिमी जाड. एक टोक घट्ट पकडा. पकडीजवळ स्ट्रेन गेज चिकटवा. हा गेज १९३८ च्या सुमारास अमेरिकेत सिमन्स आणि रूज यांनी स्वतंत्रपणे शोधला. गेजपासून २० सेंमीवर १०० ग्रॅमचे वजन टांगा. सूत्राप्रमाणे पृष्ठभागावरची विकृती दहा हजारांत सुमारे २.३५ येते. १२० ओहमच्या नेहमीच्या गेजचा रोध त्यामुळे ०.०६ ओहमहूनही थोडा कमीच बदलतो. एवढासा बदल मोजायला व्हीटस्टन सेतू लागतो, आणि तो बारावीच्या पुस्तकात आहेच.

गेज नीट घासून-पुसून चिकटवला नसेल तर उत्तर चुकते. सरकलेला असेल, खाली हवेचा बुडबुडा राहिला असेल, तरी चुकते. मग विद्यार्थी सूत्र तपासतो, सेतू तपासतो, आणि शेवटी भिंग घेऊन डिंकाकडे बघतो. आज बाजारात मिळणाऱ्या तयार संचांत गेज कारखान्यातूनच चिकटवून येतो. उत्तर पहिल्या फटक्यात बरोबर येते आणि पंधरा मिनिटांत प्रयोग संपतो.