शंकूचा तिसरा हिस्सा

एकाच तळाचा व एकाच उंचीचा शंकु वृत्तचितीच्या बरोबर एकतृतीयांश असतो, हें शाळेंत सर्वांस शिकवितात. पत्र्याचा शंकु तीनदां पाण्यानें भरून तशाच नळकांड्यांत ओतला, कीं तें कांठोकांठ भरतें व मुलांचें समाधान होतें. परंतु समाधान व सिद्धता ह्यांत अंतर आहे. तें ह्या नियमाच्या इतिहासावरून चांगलें कळतें.

इ. स. पूर्व पांचव्या शतकांतील ग्रीक तत्त्वज्ञ डिमॉक्रिटस ह्यानें हा नियम सांगितला. सिद्ध केला नाहीं. त्याचें एक कोडें प्लुटार्कनें नमूद केलें आहे. शंकु तळाशीं समांतर कापला असतां कापाचीं दोन्ही तोंडें समान कीं असमान? समान म्हणावीं, तर शंकूची वृत्तचिति होते. असमान म्हणावीं, तर त्याच्या गुळगुळीत अंगास पायऱ्या पडतात. पुढील शतकांत युडॉक्ससनें ही अडचण टाळून नियम सिद्ध केला. शंकूंत अधिकाधिक बाजूंचे पिरॅमिड बसविले असतां उरलेला भाग हवा तितका लहान होतो. म्हणून शंकु एकतृतीयांशाहून अधिकहि असूं शकत नाहीं, उणाहि नाहीं. युक्लिडच्या बाराव्या पुस्तकांत हा दहावा सिद्धान्त आहे.

आपल्याकडे ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें सूचीखाताचें फळ समखाताच्या तिसऱ्या हिश्श्याइतकें सांगितलें. भास्कराचार्यांच्या लीलावतींत (इ. स. ११५०) हाच हिशेब खळ्यावरच्या राशीस लागला आहे. जाड्या धान्याच्या राशीची उंची परिघाचा दशांश, बारीक धान्याची अकरावा अंश व कुसळाच्या धान्याची नवमांश धरावी. मग परिघाच्या षष्ठांशाचा वर्ग उंचीनें गुणावा. परीघ ६० हात असल्यास जाड्या धान्याची उंची ६ हात व रास ६०० घनहात. येथें परीघ व्यासाच्या तिप्पट धरला आहे. सूक्ष्म गणितानें सुमारें ५७३ घनहातच भरतात. ३९२७ भागिले १२५० हें सूक्ष्म प्रमाण आचार्यांनीं त्याच ग्रंथांत दिलें आहे. पण धान्याच्या मापास त्यांनीं स्थूल मानच पुरेसें मानिलें. मूळ ग्रंथांत नियम आहे, सिद्धता नाहीं.

मग श्रेय कोणाचें? आमच्यांतील कांहींस ग्रीकांवांचून भूमितीच दिसत नाहीं. कांहींस पूर्वजांचें सूत्र सांपडलें कीं सिद्धतेची गरज भासत नाहीं. ह्या वादाचा निवाडा आर्किमिडीजनें आधींच करून ठेविला आहे. १९०६ मध्यें हायबर्ग ह्या पंडितास कॉन्स्टँटिनोपल येथें एका प्रार्थनापुस्तकाच्या अक्षरांखालीं त्याचा लुप्त ग्रंथ सांपडला. त्यांत तो म्हणतो, कीं सिद्धता युडॉक्ससची. तथापि तिच्यावांचून प्रथम नियम सांगणाऱ्या डिमॉक्रिटसचा वांटा लहान नव्हे. कारण काय सिद्ध करावयाचें हें आधीं कळलें, म्हणजे सिद्धता शोधणें सुलभ होतें.

ह्याच न्यायानें ब्रह्मगुप्त व भास्कराचार्य ह्यांचा मान राखावा, आणि युडॉक्ससचाहि. खळ्यावरील रास मोजण्यास नियम पुरतो. तो नियम सर्व शंकूंस सर्वकाळ कां लागावा, हें विचारणारास सिद्धतेच्याच दारीं जावें लागतें.