जे दूध विकायचे नव्हते

(१/८) पेशवेकालीन कागदपत्रांत सांडणीस्वार वारंवार भेटतो. सांडणी म्हणजे स्वारीची वेगवान उंटीण. तातडीचा खलिता पोहोचवणारा स्वार इतिहासात नोंदला गेला. उंट जन्माला घालून पोसणारे मात्र बहुधा नोंदीबाहेरच राहिले. थरच्या वाळवंटातील अशाच एका समाजाचा, रायकांचा, हा इतिहास.

(२/८) रायका म्हणजेच रेबारी. त्यांची लोककथा सांगते की, पार्वतीने मातीचा उंट घडवला, शंकराने त्यात प्राण घातला आणि तो आवरेना, तेव्हा त्याच्या राखणीसाठी पहिला रायका निर्माण केला. मारवाडात उंट आणण्याचे श्रेय लोकदेवता पाबूजींना दिले जाते.

(३/८) राजपूत संस्थानांच्या उंटांचे कळप रायकाच राखीत. वाहतूक, टपाल, युद्ध, सर्वत्र उंट लागे. बीकानेरचे उंटदळ ‘गंगा रिसाला’ तर पहिल्या महायुद्धात सुएझ कालव्याच्या रक्षणासाठी इजिप्तमध्ये लढले.

(४/८) या समाजाचे दंडक कडक होते: नर विकावा, मादी विकू नये; मांस खाऊ नये; दूध घरात प्यावे, पाहुण्याला द्यावे, पण त्याचे पैसे घेऊ नयेत. यामागे श्रद्धा होती, तसा हिशेबही होता. उंटीण सुमारे १३ महिने गाभण असते आणि साधारणतः दोन वर्षांत एकच पिल्लू देते. मादी विकली की कळप खुंटतो. दूध बाजारात गेले की पिल्लाचा वाटा घटतो.

(५/८) स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली. सडका आल्या, मागोमाग ट्रक, जीप, ट्रॅक्टर आले. कालव्याच्या पाण्याने कुरणांची शेते झाली, काही जंगले चराईला बंद झाली. नराला गिऱ्हाईक उरेना.

(६/८) २०१४ मध्ये राजस्थानने उंटाला राज्यपशू घोषित केले. २०१५ च्या कायद्याने कत्तल थांबवली आणि उंट राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध घातले. हेतू रक्षणाचा होता. पण परराज्यातील खरेदीदार तुटले, अशी पालकांची तक्रार राहिली. पशुगणनेनुसार देशातील उंट २०१२ मध्ये सुमारे ४ लाख होते. २०१९ मध्ये अडीच लाखच उरले.

(७/८) मग उरले दूध. २०१६ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने उंटिणीच्या दुधाची मानके ठरवली. २०१९ मध्ये अमूलने कच्छमधील उंटिणींचे दूध बाटलीतून बाजारात आणले. राजस्थानातही लहान दुग्धालये उभी राहिली.

(८/८) ज्या दंडकाने शतकानुशतके कळप राखला, तोच मोडल्यावाचून आता कळप राखणे कठीण झाले आहे. जुन्या पिढीला हे सहज पचलेले नाही. एक रीत मात्र अनेक कळपांत टिकून आहे: आधी पिल्लाला लुचू द्यायचे, पान्हा फुटला की धार काढायची आणि चार सडांपैकी दोन त्याच्यासाठी राखून ठेवायचे.