तिसऱ्या तुकडीची पळती

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वर्तमानपत्रातली खो-खोची बातमी आपण कधी नीट वाचली आहे का? खेळाडूच्या नावापुढे कंसात आकडे असतात. २.१० मिनिटे, १.४० मिनिटे, तीन गडी. मिनिटे पळतीची, गडी बसतीतले. पण संघातली काही नावे या बातमीत कधीच येत नाहीत. आज बोलायचे आहे ते त्या नावांविषयी, आणि ती कुणामुळे येत नाहीत त्याविषयी.

खेळ ठाऊक असणाऱ्यांनी क्षणभर धीर धरावा. मैदानात नऊ खेळाडू, यादीतले बाकीचे राखीव. बसतीला आठजण पाट्यांवर बसतात, नववा पाठलाग करतो. पळतीला मात्र नऊजण एकदम उतरत नाहीत. तिघांची एक तुकडी आत जाते. ती तिन्ही बाद झाली की पुढचे तिघे. हा क्रम आधीच गुणलेखकाकडे नोंदवावा लागतो. मोठ्यांच्या सामन्यात पळती नऊ मिनिटांची. म्हणजे पहिली तुकडी जितकी चांगली पळेल तितकी तिसरीची पाळी लांबते, आणि पुष्कळदा येतच नाही. पहिले तिघे लवकर कापले गेले, तरच शेवटच्या तिघांना आपले पाय दाखवता येतात. आपल्या संघाचे वाईट व्हावे असे कुणाला वाटत नाही, पण तिसऱ्या तुकडीतल्या पोराच्या मनात काय चालते ते त्यालाच माहीत!

खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास बांधायला घेतले, असे मानले जाते. १९३५ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने ते छापून प्रसिद्ध केले. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० साली विजयवाड्याला झाली. गावच्या मोकळ्या जागेत जो तो मनसोक्त पळत असे. नियम आले, घड्याळ आले, आणि कोण किती वेळ टिकला हे कागदावर उतरू लागले. कागद आला की तो लिहिणाराही आला. तो म्हणजे प्रशिक्षक.

हा प्रश्न आपल्याच मातीतला आहे असे नाही. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये चेंडू बगलेत धरून मुसंडी मारणारे धावपटू असतात, त्यांना रनिंग बॅक म्हणतात. तिथला प्रशिक्षक एकाला दमवतो, बाहेर बोलावतो, दुसऱ्याला पाठवतो, वाटल्यास पहिल्याला पुन्हा आणतो. आपल्या प्रशिक्षकाला ही मुभा नाही. एकदा आत गेलेला गडी बाद होईपर्यंत आतच.

मग क्रम लावायचा कसा? एक मत असे की तिन्ही चांगले पहिल्या तुकडीत घालावेत आणि घड्याळ खाऊन टाकावे. दुसरे मत असे की प्रत्येक तुकडीत एक तरी खंदा हवा, नाहीतर पहिली फुटली की मागचा बांध राहत नाही. मला दुसरे पटते. त्यातही एकजण खांबाजवळ हुलकावणी देणारा, एकजण साखळीत दम टिकवणारा असा मेळ बसवावा लागतो. शिवाय सामना बरोबरीत सुटला तर लघुत्तम आक्रमणाचा डाव असतो. पहिला गडी किती वेळात बाद झाला एवढेच तिथे पाहतात. तिथे तिसऱ्या तुकडीला विचारतो कोण?

पुण्यात २०२२ साली अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली आणि हिशेब थोडा बदलला. पळती सात मिनिटांवर आली, आणि ठरावीक वेळ टिकलेल्या तुकडीला चक्क गुण मिळू लागले. आपल्या जिल्ह्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप या लीगमध्ये चेन्नईच्या संघातून खेळला, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारतीय संघात होता. अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ५४-३६ असे हरवले. त्या संघात पंधराजण होते. पंधरांतून कोणाला किती पळायला मिळणार, ही कसरत तिथेही चुकली नाही.

मी स्वतः शाळेत तिसऱ्या तुकडीतला. एका अंतिम सामन्यात आमचे पहिले तिघे साडेपाच मिनिटे पळाले. दुसऱ्या तुकडीने उरलेला वेळ काढला. ढाल घेऊन घरी गेलो, तर आई म्हणाली, "तू किती पळालास रे?" मी ढाल तिच्या हातात दिली आणि पाय धुवायला गेलो.

पुढे शिक्षक झालो आणि तो कागद माझ्याच हाती आला. एका सामन्यात पहिल्या डावाअखेर आमच्याकडे भरपूर आघाडी होती. दुसऱ्या डावात मी क्रम उलटा लावला. वर्षभर कडेला उभा राहिलेला एक मुलगा सर्वांत आधी आत गेला आणि चाळीस सेकंदांत बाद झाला. सहकाऱ्यांनी कपाळाला हात लावला. एका पळतीवरून काय ठरवायचे, म्हणून पुढच्या सामन्यातही मी त्याला पहिल्या तुकडीत ठेवले. त्या दिवशी तो पावणेदोन मिनिटे पळाला. आम्ही दोन गुणांनी हरलो. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. माझे सहकारी भेटले की अजून त्यावरून वाद घालतात.