वाहतुकीचे पैसे कोणी भरायचे

इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने वाहतुकीचे पैसे फक्त ग्राहकाकडून घ्यायचे की संकेतस्थळांकडूनही, हा वाद भारतात 2015 साली चव्हाट्यावर आला. गोव्याच्या खाणपट्ट्यात रस्त्यापुरता तो आधीच उभा होता. डिचोली तालुक्यात सुर्ला, पाळी, वेळगे भागातले खनिज ट्रकांनी मांडवीकाठच्या धक्क्यांवर जाई आणि तिथून बार्जने मुरगावला. 2010-11 मध्ये गोव्याची खनिज निर्यात पाच कोटी टनांच्या वर गेली. रस्ता सार्वजनिक, शाळेच्या मुलांचाही तोच. त्यावरचा भार मात्र मूठभर निर्यातदारांचा. ट्रकातून सांडलेली लाल माती पावसात चिखल व्हायची आणि उन्हाळ्यात धूळ होऊन घरात शिरायची. शेजारच्या सत्तरी तालुक्यात सोनशी गावच्या 45 जणांना एप्रिल 2017 मध्ये ट्रक अडवल्यावरून अटक झाली, ती याच धुळीपायी.

अशा वाहतुकीच्या भारासाठी गोवा विधानसभेने 2000 साली ग्रामीण सुधारणा व कल्याण उपकराचा कायदा केला. खनिज, कोळसा, वाळू असा माल वाहून नेणाऱ्यावर हा उपकर बसतो. तो मालाचा प्रकार पाहून लागतो, मालक पाहून नव्हे. आणि वसुली सरकार करते, रस्त्याचा ठेकेदार नव्हे.

दूरसंचार कंपन्यांचा दावा वरकरणी असाच वाटतो: भार ज्याचा, खर्च त्याचा. डिसेंबर 2014 मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलना वेगळा दर जाहीर केला आणि ओरड होताच मागे घेतला. मार्च 2015 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने यावर मते मागवली, तेव्हा दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. एप्रिलमध्ये ‘एअरटेल झिरो’ आले. त्यात संकेतस्थळाने पैसे भरायचे आणि ग्राहकाला ते फुकट दिसायचे. टीका वाढताच फ्लिपकार्टने अंग काढून घेतले. निवडक संकेतस्थळे दाखवणारे फेसबुकचे ‘फ्री बेसिक्स’ही फुकटच होते, पण त्या यादीत कोण बसणार याच्या अटी फेसबुकच्या. अखेर 8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायने मजकूर पाहून वेगळे दर लावण्यास बंदी केली. दंड दिवसाला 50 हजार, कमाल 50 लाख रुपये. जुलै 2018 मध्ये केंद्राने अडवणूक व वेग कमी-जास्त करण्याविरुद्धची तत्त्वेही मान्य केली.

खाणीचा दाखला इथे पुरता लागू पडत नाही. ट्रकाने डांबर उखडते, डेटाने तार झिजत नाही. गर्दीच्या वेळी क्षमता तोकडी पडते, एवढेच. शिवाय व्हिडिओ संकेतस्थळ आपणहून धाडत नाही. सुर्ल्यातला ग्राहक तो मागवतो आणि त्यासाठी रिचार्ज आधीच मारलेला असतो. त्याच वाहतुकीचे पैसे दुसऱ्या टोकाकडूनही घेणे म्हणजे दुहेरी वसुलीच. काही कंपन्यांची स्वतःची चित्रपट-मालिकांची अ‍ॅप आहेत, म्हणजे नाकेदारच व्यापारी.

तरीही मागणी थांबलेली नाही. मोबाइल कंपन्यांची संघटना 2022 पासून मोठ्या संकेतस्थळांकडे ‘रास्त वाटा’ मागते आहे. दक्षिण कोरियात असा आकार बराच काळ चालत आला आहे. तिथल्या एसके ब्रॉडबँडचा नेटफ्लिक्सशी खटला सप्टेंबर 2023 मध्ये तडजोडीने मिटला. ट्विच ही व्हिडिओ सेवा मात्र जाळ्याचा खर्च परवडत नाही म्हणून फेब्रुवारी 2024 मध्ये देश सोडून गेली. भारतातले 2016 चे नियम मुख्यतः ग्राहकाच्या दराविषयी आहेत. संकेतस्थळाकडून थेट आकार घेण्याविषयी त्यांत स्पष्ट कलम नाही, आणि ‘रास्त वाट्या’ची मागणी शिरते ती तिथूनच.