पोल्ट्रीतला थर्मोस्टॅट: जुन्नर-आंबेगावच्या थंडीत पिलांचं घर उबदार कसं ठेवतात?

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या नातेवाइकांकडे गेलात तर भिंतीवर एक छोटी डबी दिसते. सकाळी सहाला घर २० अंश, सगळे कामावर गेले की १६, संध्याकाळी परत २०, असं तिला एकदा सांगून ठेवलं की हीटर आपोआप चालू-बंद होत राहतो. हा प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅट. आपल्याकडे थंडी पडली की गोधडी, स्वेटर आणि शेकोटीवर भागतं. अख्खं घर गरम करायचा खर्च कुणी करत नाही.

पण जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यात एक घर असं आहे, ज्याला हिवाळ्यात ही डबी लागतेच. ते घर म्हणजे कोंबडीच्या पिलांची शेड. ऊस, कांदा, बटाटा, टोमॅटो यांच्या जोडीला इथले बरेच शेतकरी ब्रॉयलर पोल्ट्री करतात. पिलं, खाद्य आणि औषध कंपनी देते. शेड, वीज आणि राबणं शेतकऱ्याचं. वाढवलेल्या पक्ष्यांच्या वजनावर पैसे मिळतात आणि मर वाढली की ते कमी होतात. डिसेंबर-जानेवारीत पुणे जिल्ह्यात रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो, दुपारी मात्र तो २८-३० पर्यंत चढतो. एका दिवसाच्या पिलासाठी हा फरक जीवघेणा असतो.

पिलाला ऊब का लागते?

अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं पिलू साधारण ४० ग्रॅमचं असतं. अंगावर फक्त मऊ लव, खरी पिसं अजून यायची असतात. स्वतःच्या शरीराचं तापमान राखणं त्याला पहिले दोन-तीन आठवडे नीट जमत नाही. कोंबडी असती तर तिने पंखाखाली घेतलं असतं. पण पोल्ट्रीत हजार पिलं आणि आई एकही नाही, म्हणून आईचं काम बल्ब, गॅस किंवा कोळशाची शेगडी करते. याला ब्रूडिंग म्हणतात.

थंडी वाजली की पिलं खायला-प्यायला जातच नाहीत. ती एकमेकांना चिकटतात, एकावर एक चढतात आणि खालची गुदमरून मरतात. सकाळी शेड उघडल्यावर कोपऱ्यात पिलांचा ढीग दिसला, तर रात्री काय झालं असेल ते कुणाला सांगावं लागत नाही. जी वाचतात तीही पुढे वजनात मागे पडतात, कारण पहिल्या आठवड्यातली खोट ४० दिवसांच्या बॅचमध्ये भरून निघत नाही.

गंमत म्हणजे थर्मोस्टॅटचा जन्मच कोंबड्यांशी जोडलेला आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने भट्टीचं तापमान आपोआप राखणारी यंत्रणा केली आणि ती अंडी उबवण्यासाठी वापरली. थर्मोस्टॅट हा शब्द अँड्र्यू युअर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८३० मध्ये आणला. माणसांच्या खोलीसाठी विजेवरचा थर्मोस्टॅट अमेरिकेत वॉरन जॉन्सनने १८८३ मध्ये पेटंट केला. म्हणजे आधी पिलं, मग माणसं.

किती अंश?

पोल्ट्रीत अजूनही फॅरनहाइटची भाषा चालते. पहिला आठवडा ९५, दुसरा ९०, तिसरा ८५, चौथा ८०, असा जुना पाढा आहे. सेल्सिअसमध्ये हे अनुक्रमे ३५, ३२, साडेएकोणतीस आणि साडेसव्वीस. हे आकडे ब्रूडरच्या कडेला, पिलांच्या पाठीच्या उंचीवर मोजायचे. पूर्ण शेडच गरम करत असाल तर सुरुवात ३२-३३ पासून केली तरी चालते.

इथेच एक चूक हमखास होते. कागदावर ९५ लिहिलेलं असतं आणि बाजारातली बरीच यंत्रं सेल्सिअसवर चालतात. यंत्रात ९५ भरलं तर हीटर कधी बंदच होणार नाही. म्हणून यंत्र कोणत्या मापावर आहे ते आधी बघा, मग बटण दाबा.

डबी लावायची कशी?

साध्या डिजिटल कंट्रोलरमध्ये तीन गोष्टी असतात: तापमान मोजणारा वायरच्या टोकाचा सेन्सर, आकडा दाखवणारा डिस्प्ले आणि वीज जोडणारा-तोडणारा रिले. एसटीसी-१००० हे त्यातलं स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं मॉडेल. सेट बटण तीन सेकंद दाबून धरलं की त्याचे चार कप्पे उघडतात. एफ१ म्हणजे हवं असलेलं तापमान, एफ२ म्हणजे फरक, एफ३ हा कॉम्प्रेसर परत चालू होण्याआधीचा थांबा (तो मुळात फ्रिजसाठी आहे) आणि एफ४ सेन्सरची चूक दुरुस्त करण्यासाठी.

यातला एफ२ समजून घेण्यासारखा आहे. समजा एफ१ ला ३३ आणि एफ२ ला १ दिला. तापमान ३२ वर आलं की बल्ब लागतील, ३३ झालं की विझतील. फरक फार कमी ठेवला तर रिले सतत टकटक करत राहतो आणि लवकर खराब होतो. फार जास्त ठेवला तर पिलांना कधी उकाडा, कधी गारठा. एक अंश हा चांगला मध्य.

वीज जोडताना मात्र हिशेब हवा. जुना अंदाज असा, की पिलामागे उन्हाळ्यात १ वॉट आणि थंडीत २ वॉट. हजार पिलांना थंडीत २,००० वॉट, म्हणजे २३० व्होल्टवर साधारण पावणेनऊ अँपिअर. कंट्रोलरच्या रिलेची क्षमता १० अँपिअर असते. कागदावर बसतं, पण रात्रभर त्या काठावर चालवलेल्या रिलेचे पॉइंट कधीतरी चिकटतात. मग तापमान कितीही वाढो, बल्ब विझत नाहीत. म्हणून रिलेने थेट बल्ब न चालवता कॉन्टॅक्टर चालवावा आणि कॉन्टॅक्टरने बल्ब. हे काम वायरमनकडूनच करून घ्या, सोबत ईएलसीबीही बसवून घ्या, कारण खाली तूस पसरलेलं असतं आणि ते पेटायला एक ठिणगी पुरते. एलईडी बल्ब इथे कामाचे नाहीत. ते वीज वाचवतात ते उष्णता कमी करूनच. जुने पिवळे बल्ब किंवा इन्फ्रारेड दिवेच लागतात.

घरातल्या आणि शेडमधल्या थर्मोस्टॅटमध्ये एक मोठा फरक आहे. घरातला घड्याळ बघून चालतो, शेडमधला पिलाचं वय बघून. महागड्या पोल्ट्री कंट्रोलरमध्ये दिवसानुसार तक्ता भरता येतो: पहिला दिवस ३३, सातवा ३०, असं. त्यात पिलं आली तो दिवस भरायला विसरलात तर सगळा तक्ता घसरतो, एवढं लक्षात ठेवा. स्वस्त कंट्रोलरमध्ये तक्ता नसतो, म्हणून रोज संध्याकाळी अर्धा अंश हाताने कमी करायचा. आठव्या दिवशी एकदम तीन अंश उतरवण्यापेक्षा पिलांना हे जास्त मानवतं. दुपारी बाहेरच ऊन असलं की बल्ब आपोआप बंद राहतात आणि विजेचं बिल वाचतं ते तिथेच.

सेन्सर कुठे?

सगळं बरोबर करून घोटाळा होतो तो या जागी. सेन्सर माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर टांगला तर गरम हवा वर जमते, तिथे ३३ दिसतात आणि खाली पिलं २८ मध्ये कुडकुडत असतात. बल्बच्या थेट उजेडात लटकवला तर सेन्सर स्वतःच तापतो आणि बल्ब लवकर बंद करतो. तुसात पडला तर भलतंच काही मोजतो. सेन्सर पिलांच्या पाठीच्या उंचीवर, चिकगार्डच्या आत पण बल्बच्या बरोबर खाली नाही, असा बांधावा. वायर पाइपमधून न्यावी. उंदीर ती कुरतडतात.

पिलं येण्याआधी किमान एक दिवस शेड तापवून ठेवायची. हवा दोन तासांत गरम होते, पण तूस आणि कोबा होत नाही, आणि पिलू उभं असतं ते तुसावर.

लाइट गेली तर?

थर्मोस्टॅट कितीही चांगला असला तरी वीज नसेल तर तो नुसती डबी आहे. २,००० वॉटचा भार घरगुती इन्व्हर्टर पेलत नाही. म्हणून बल्बवर चालणाऱ्या शेडमध्येही गॅस ब्रूडर किंवा कोळशाची शेगडी तयार ठेवतात. कंट्रोलर आणि तापमान घसरल्यावर वाजणारी बॅटरीवरची घंटा, या दोन्हींचे सेन्सर वेगळे असावेत. एकच सेन्सर खोटं बोलला तर दोन्ही गप्प बसतील.

या दोन तालुक्यांत रात्रीच्या फेरीला आणखी एक धोका आहे. जुन्नर वनविभाग बिबट्यांसाठी राज्यभर ओळखला जातो आणि माणिकडोहला बिबट्यांसाठी स्वतंत्र निवारा केंद्र आहे. धरणांच्या पाण्यावर ऊस वाढला, उसात बिबट्या राहू लागला, आणि माणसांवरही हल्ले झाले. शेड बहुतेक वेळा घरापासून लांब, उसाच्या बांधाला. पहाटे दोनला नुसते बल्ब लावायला एकट्याने तिथे जाणं टळलं, तर तो या डबीचा छोटा फायदा नाही. घंटा वाजलीच तर बॅटरी घेऊन, दोघांनी, आवाज करत जावं.

आकड्यापेक्षा पिलं खरी

डिस्प्लेवर ३३ असले तरी पिलं बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर त्यांना थंडी वाजतेय. बल्बपासून लांब, पंख पसरून, चोच उघडी टाकून बसली असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसरीकडून वारा येतोय, पडदा तपासा. विखुरलेली, काही खाताहेत, काही झोपलीत, असं दिसलं तर यंत्र ठीक लागलंय. अनुभवी माणसं पिलाचे पाय गालाला लावून बघतात. गार लागले तर एफ१ वाढवायचा.

ऊब टिकावी म्हणून पडदे वरपासून खालपर्यंत घट्ट बांधायचे नाहीत. थर्मोस्टॅट तापमान मोजतो, अमोनिया मोजत नाही. कोळशाची शेगडी असेल तर विषारी कार्बन मोनॉक्साइडही साठतो आणि तो शेडमधल्या माणसालाही सोडत नाही. कोंदट हवेत वाढलेल्या ब्रॉयलरच्या पोटात पुढे पाणी होतं. पडद्याच्या वरच्या बाजूला थोडी फट कायम उघडी ठेवावी, मग बल्ब जरा जास्त वेळ जळाले तरी चालतील.

बॅच गेली की शेड धुताना सेन्सरही पुसून तपासायचा. पेल्यात बर्फाचे बरेच तुकडे आणि थोडं पाणी घ्या, ढवळा आणि सेन्सरचं टोक पाच मिनिटं त्यात बुडवून ठेवा. डिस्प्लेवर ० यायला हवं. १.५ दाखवत असेल तर एफ४ मध्ये उणे १.५ भरा, तीन-चार अंशांचा फरक असेल तर सेन्सर बदला.